पॅकेट हरवतं तरी कुठे? स्विचवर पॅकेटमोजणी बसवतानाचा अनुभव

तक्रार एका मजल्यापुरती होती. त्या मजल्यावरच्या लोकांना फोनवर समोरच्याचा आवाज तुटक ऐकू यायचा. त्यांचा आवाज मात्र पलीकडे स्वच्छ पोचायचा. दिवसभर नव्हे, गर्दीच्या वेळातच, आणि तेही अधूनमधून. फोनची व्यवस्था बघणारे सहकारी म्हणाले, "पॅकेटं तुमच्या नेटवर्कमध्ये गळतायत." फोनवरचा आवाज नेटवर्कवरून पॅकेट नावाच्या लहान लहान तुकड्यांत जातो, आणि ती पॅकेटं पुढे सरकवणारं यंत्र म्हणजे स्विच. नेटवर्कचा आलेख उघडला तर त्या मजल्याकडे जाणारी १ गिगाबिटची लिंक निवांत पडलेली. आलेखही खोटा नव्हता आणि तक्रारही खरी होती. पाणी नेमकं कुठे मुरतंय हे सांगायचं तर पॅकेटं मोजायलाच हवी होती, आणि तीही त्याच दोन फोनमधली, त्याच एका दिशेची.

सुरुवात पोर्टच्या (स्विचवर केबल जोडायच्या जागेच्या) काउंटरपासून केली, कारण ते स्विचवर कायम चालूच असतात. आत किती पॅकेटं आली, बाहेर किती गेली, किती बाइट, त्यातली ब्रॉडकास्ट किती, सीआरसीच्या (पॅकेट वाटेत बिघडलं का, हे पाहणाऱ्या तपासणीच्या) चुका किती, किती पॅकेटं टाकून दिली, हे सगळं तिथे असतं. सीआरसी शून्य होती, म्हणजे केबल आणि ऑप्टिकवरचा संशय बराचसा मिटला. पण मजल्यांचे स्विच जोडणाऱ्या मधल्या स्विचवर, त्या मजल्याकडे जाणाऱ्या पोर्टवर, आउटपुट डिस्कार्डच्या, म्हणजे बाहेर पाठवताना टाकून दिलेल्या पॅकेटांच्या, रकान्यात मोठा आकडा उभा होता. असा आकडा दिसला की लगेच निकाल द्यावासा वाटतो. तो देता येत नाही. स्विच वर्षाहून जास्त काळ अखंड चालू होता आणि काउंटर तेव्हापासूनचा. ही पॅकेटं आज पडली की काही महिन्यांपूर्वी एखाद्या रात्री, हे त्यावरून कळायला मार्ग नव्हता. आणि पडलेली पॅकेटं कुणाची, हे तर पोर्टचा काउंटर कधीच सांगत नाही.

इथे एक सांगतो. जुना आकडा त्रास देतो म्हणून काउंटर सरळ पुसून टाकायची सवय अनेकांना असते. मी आधी सगळे आकडे वेळेसकट उतरवून घेतले. काही स्विचवर क्लिअर केल्यावर फक्त कमांडमध्ये दिसणारा आकडा शून्य होतो आणि एसएनएमपीवरून (देखरेखीचा सर्व्हर ज्या पद्धतीने स्विचचे आकडे वाचतो ती) वाचला जाणारा काउंटर तसाच चालू राहतो. काहींवर दोन्ही पुसले जातात. दुसऱ्या प्रकारात देखरेखीच्या सर्व्हरवरच्या आलेखात खड्डा नाहीतर खोटा सुळका उमटतो, आणि तो पाहून तिसराच माणूस धावत सुटतो. उतरवलेल्या आकड्यांची वजाबाकी केली तरी काम भागतं.

मग आलेखात लिंक निवांत का दिसत होती? पोर्टवर दिसणारा वेग हा सरासरी असतो. आमच्या मधल्या स्विचवर सरासरीचा कालावधी मूळचा ३०० सेकंद होता. देखरेखीचा सर्व्हरही दर ५ मिनिटांनी काउंटर वाचत होता. समजा, लिंक दर ३० सेकंदांत १ सेकंद काठोकाठ भरून वाहिली आणि बाकी वेळ मोकळी राहिली, तर सरासरी ३.३ टक्के येते. महिन्याच्या पावसाच्या सरासरीवरून एका तासात तुंबलेला रस्ता कळत नाही, तसंच हे. कालावधी बदलता येतो. मधल्या स्विचवर तो १० सेकंदांपर्यंत खाली आणता आला, मजल्यावरच्या स्विचवर ३० सेकंदांपर्यंत. बदल केल्यावर वेगाचे आकडे वरखाली उड्या मारू लागले. काहीतरी दडलंय एवढं त्यातून दिसलं, पण १० सेकंदसुद्धा या कामाला फार मोठे होते. ते का, ते पुढे येईलच.

आलेखाचे काउंटर ३२ बिटांचे आहेत की ६४ बिटांचे, हेही तपासलं. ३२ बिटांचा बाइट-काउंटर ४,२९,४९,६७,२९६ नंतर पुन्हा शून्यावर येतो. १ गिगाबिटची लिंक पूर्ण भरून वाहत असेल तर हे साधारण ३४ सेकंदांत घडतं, १० गिगाबिटवर साडेतीन सेकंदांच्या आत. ५ मिनिटांनी वाचणाऱ्याला मधल्या काळात काउंटरने किती फेऱ्या मारल्या ते समजतच नाही आणि आलेख शांतपणे चुकीचा निघतो. म्हणून ६४ बिटांचे काउंटर वाचावेत. एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत ते वाचताच येत नाहीत, व्ही-२सी किंवा व्ही-३ लागते. आमच्याकडे ही बाजू ठीक होती. जिथे नवं काम हाती घ्याल तिथे हे आधी बघा, कारण इथे गडबड असेल तर पुढचं सगळं विश्लेषण वाळूवर उभं राहतं.

बाइटचा आकडा लिंकच्या वेगाला कधीच पूर्ण टेकत नाही, हेही ध्यानात ठेवावं लागतं. प्रत्येक फ्रेमच्या (तारेवर जाताना पॅकेटला मिळणाऱ्या वेष्टनाच्या) आधी ८ बाइटचं प्रीअँबल, म्हणजे सुरुवातीची खूण, आणि नंतर किमान १२ बाइटइतकं अंतर असतं. हे २० बाइट तारेवर जागा खातात, काउंटरमध्ये येत नाहीत. फ्रेम ६४ बाइटच्या असतील तर १ गिगाबिटवर सेकंदाला १४,८८,०९५ फ्रेम मावतात आणि काउंटर ७६२ मेगाबिटच दाखवतो. लिंक मात्र ठासून भरलेली असते. आवाजाची पॅकेटं लहानच असतात, म्हणून मी पुढे सगळीकडे पॅकेटांची संख्या धरली. बाइट बाजूला ठेवण्याचं आणखी एक कारण म्हणजे व्हीलॅनचा (स्विचवर आखलेल्या वेगळ्या आभासी नेटवर्कचा) ४ बाइटचा टॅग. स्विच स्विचला जोडणाऱ्या ट्रंक पोर्टवर तो असतो, संगणकासारखं यंत्र जोडायच्या ॲक्सेस पोर्टवर नसतो. त्यामुळे एकाच पॅकेटचे बाइट दोन पोर्टवर वेगळे भरतात. पॅकेट मात्र दोन्हीकडे एकच.

आता 'कुणाची पॅकेटं' या प्रश्नाकडे. एसफ्लो आमच्याकडे चालू होता. त्यावर माझा भरवसा आहे, पण या कामासाठी नाही. एसफ्लो दर अमुक इतक्या पॅकेटांमागे एक नमुना घेतो. चुकीची मर्यादा टक्क्यांत काढायची तर १९६ ला नमुन्यांच्या वर्गमुळाने भागायचं. एखाद्या प्रवाहाचे १०,००० नमुने असतील तर अंदाज दोन टक्क्यांच्या आसपास बसतो, १०० असतील तर जवळजवळ वीस टक्के इकडेतिकडे. मला तपासायचा होता एक फोन कॉल. जी.७११ या कोडेकमध्ये, म्हणजे आवाज डिजिटल करायच्या पद्धतीत, दर २० मिलिसेकंदांना एक पॅकेट निघतं, सेकंदाला ५०, मिनिटाला ३०००. हजारात एक नमुना घेतला तर मिनिटभराच्या कॉलमधून तीनेक हाती लागणार. तेवढ्यावरून हरवलेली पाच-पंचवीस पॅकेटं शोधणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. लिंकवर सर्वांत जास्त जागा कोण घेतं, हे मात्र एसफ्लो उत्तम सांगतो, आणि त्यासाठी तो पुढे उपयोगी पडलाच.

पोर्ट मिररिंग करून, म्हणजे पोर्टवरच्या पॅकेटांची नक्कल दुसऱ्या पोर्टवर काढून, सगळी पॅकेटं पकडावीत, असा पर्याय एका सहकाऱ्याने सुचवला. चांगला पर्याय आहे, पण ज्या क्षणी लिंक भरते त्याच क्षणी मिरर पोर्टवरही पॅकेटं पडू शकतात. मग न दिसलेलं पॅकेट मूळ रस्त्यावर हरवलं की मिररमध्ये, याचा नवाच वाद सुरू होतो. मला अशी मोजणी हवी होती जी स्विचची चिप पॅकेट पुढे सरकवता सरकवताच करते, कॉपी न काढता. ती म्हणजे ट्रॅफिक पॉलिसीतली मोजणी: ओळखायचं कोणाला ते क्लासिफायरमध्ये, करायचं काय ते बिहेव्हियरमध्ये, दोन्हींची जोडी पॉलिसीत, आणि ती पॉलिसी पोर्टवर एका दिशेने लावायची. दुसऱ्या कंपन्यांच्या स्विचवर यालाच क्लास मॅप आणि पॉलिसी मॅप म्हणतात.

कमांड टाइप करण्याआधी कागदावर रस्ता काढला. बोलणाऱ्याचा फोन, त्याच्या मजल्याचा स्विच, मधला स्विच, ऐकणाऱ्याच्या मजल्याचा स्विच, ऐकणाऱ्याचा फोन. फोनचा सर्व्हर फक्त कॉल जुळवून देतो; आवाज थेट फोनकडून फोनकडे जातो, याची खातरजमा करून घेतली, कारण आवाज सर्व्हरमधून वळून जात असता तर रस्ताच वेगळा निघाला असता. मग मोजायच्या जागा ठरवल्या. आयपी फोनच्या आतल्या कॉल स्टॅटिस्टिक्सच्या पानावर पाठवलेली आणि मिळालेली पॅकेटं दिसतात, म्हणजे दोन टोकांचे काउंटर आयते मिळाले. मधल्या स्विचवर दोन जागा घेतल्या: बोलणाऱ्याच्या मजल्याकडून येणाऱ्या पोर्टवर इनबाउंड (आत येणारी) आणि ऐकणाऱ्याच्या मजल्याकडे जाणाऱ्या पोर्टवर आउटबाउंड (बाहेर जाणारी). चार आकडे शेजारी ठेवले की ज्या दोन शेजाऱ्यांमध्ये फरक पडेल, गळती त्यांच्याच मध्ये.

मधल्या स्विचवर एसीएल (पॅकेट ओळखायच्या नियमांची यादी) लिहिला: बोलणाऱ्या फोनचा आयपी, ऐकणाऱ्या फोनचा आयपी, आणि यूडीपी, म्हणजे आवाजाची पॅकेटं ज्या पद्धतीने जातात ती. दोन्ही मजले वेगवेगळ्या व्हीलॅनमध्ये आहेत आणि मधला स्विच राउटिंग करतो. तिथून पुढे निघालेल्या फ्रेमवर सोर्स मॅक (पाठवणाऱ्याचा हार्डवेअर पत्ता) त्या स्विचचा स्वतःचा असतो. म्हणून मॅक पत्त्यावरून ओळख लावून चालत नाही, आयपीवरूनच लावावी लागते.

एसीएलचा नियम परमिटच ठेवला. पॉलिसीत वापरलेल्या एसीएलमध्ये परमिट म्हणजे 'हे पॅकेट आपलं' एवढाच अर्थ. डिनाय लिहिलं तर काही स्विचवर ते पॅकेट फक्त ओळखीतून वगळलं जातं आणि काही स्विचवर सरळ टाकून दिलं जातं. चालू नेटवर्कवर हा फरक नंतर कळणं परवडत नाही. बिहेव्हियरमध्ये फक्त 'स्टॅटिस्टिक एनेबल' लिहिलं. काही स्विचवर ही मोजणी मूळची बंद असते. पॉलिसी लागते, काम करते, पण आकडे येत नाहीत.

पॉलिसी लावायला गेलो तेव्हा कळलं की येणाऱ्या पोर्टवर इनबाउंड दिशेला आधीच एक पॉलिसी बसलेली आहे. कोणीतरी फार पूर्वी काही ट्रॅफिकला वेगमर्यादा घातली होती. एका पोर्टवर एका दिशेला एकच पॉलिसी लागते. जुनी काढून माझी लावणं हा मार्गच नव्हता, त्याने मर्यादा उठली असती. म्हणून जुन्याच पॉलिसीत माझा क्लास घातला. इथे क्रम महत्त्वाचा. पॅकेट ज्या क्लासशी आधी जुळतं तिथेच ते थांबतं. माझा क्लास खाली ठेवला आणि वरच्या एखाद्या ढोबळ नियमाने माझी पॅकेटं आधीच उचलली, तर काउंटर रिकामा राहणार. वर ठेवला तर खालच्या क्लासमधलं काम या पॅकेटांना लागू होणार नाही. मी जुने नियम एकेक वाचले. फोनच्या पत्त्यांना त्यातला कुठलाच लागू नव्हता, मग माझा क्लास सर्वांत वर ठेवला. लागू असता तर तेच काम माझ्या बिहेव्हियरमध्येही लिहावं लागलं असतं. मोजणी बसवल्यामुळे पॅकेटचं वागणं बदललं तर त्या मोजणीवर विसंबता येत नाही.

चिपमधली या नियमांची जागा, म्हणजे टीकॅम, मर्यादित असते आणि एसीएल, क्यूओएस (कोणत्या ट्रॅफिकला प्राधान्य द्यायचं त्याचे नियम), इतर सुरक्षा नियम सगळे तिथेच राहतात. आउटबाउंडची जागा बहुधा इनबाउंडपेक्षा कमी असते. किती शिल्लक आहे ते आधी बघितलं. दोन फोनसाठी दोन नियम म्हणजे काहीच नाही, पण संपूर्ण सबनेट, पोर्टचे पट्टे आणि प्रत्येक व्हीलॅनवर पॉलिसी असं करत गेलं तर एक दिवस स्विच 'जागा नाही' म्हणतो. त्या दिवशी नेमका एखादा गरजेचा सुरक्षा नियम बाहेर राहतो.

मजल्यावरच्या स्विचवरही हीच मोजणी बसवून पाहिली. ते स्विच दुसऱ्या कंपनीचे. पॉलिसी मॅप लागला, कॉल केला, आवाज आला, आणि क्लासच्या समोर शून्य. कॉल तर त्याच पोर्टवरून चालला होता. त्या मॉडेलच्या कागदपत्रांत बारकाईने पाहिल्यावर उलगडा झाला: या चिपमध्ये पॉलिसीचे नियम पाळले जातात, पण क्लासनिहाय पॅकेटं मोजली जात नाहीत; कमांड रकाना दाखवते, तो कधीच भरत नाही. तेव्हापासून मी कुठल्याही काउंटरवरच्या शून्यावर विश्वास ठेवण्याआधी त्यातून माहीत असलेलं एक तरी पॅकेट पाठवून बघतो. काही आलं नाही म्हणून शून्य आणि मोजतच नाही म्हणून शून्य, ही दोन्ही पडद्यावर अगदी सारखी दिसतात. त्याच स्विचवर एक वेगळा तक्ता मात्र होता: पोर्टवर कोणत्या डीएससीपीची (पॅकेटवरच्या प्राधान्याच्या खुणेची) किती पॅकेटं आली आणि किती गेली. त्या वेळी तो बाजूला ठेवला. पुढे सगळं त्याच तक्त्याने उलगडलं.

आधी निवांत वेळी मोजणीचीच परीक्षा घेतली. कॉल चालू असताना काउंटर रीसेट केले तर प्रत्येक जागेचा शून्यक्षण वेगळा होतो आणि सेकंदाला ५० पॅकेटांच्या हिशेबाने फरक पडतो. म्हणून काहीच चालू नसताना रीसेट, मग पूर्ण कॉल, फोन ठेवला की थोडं थांबून वाचन. थांबायचं अशासाठी की चिपमधले आकडे सॉफ्टवेअर काही सेकंदांनी उचलतं. लगेच कमांड दिली तर मागचा आकडा दिसतो.

स्विचचा आकडा फोनने पाठवलेल्या आकड्यापेक्षा किंचित जास्त आला. हरवण्याऐवजी पॅकेटं वाढली कशी? दोन्ही जागी वाढ सारखीच, मिनिटभराच्या कॉलला डझनभर. ती होती आरटीसीपीची पॅकेटं. आवाज आरटीपीने सम क्रमांकाच्या पोर्टवरून (हा स्विचचा पोर्ट नव्हे, पॅकेटवर लिहिलेला यूडीपीचा क्रमांक) जातो आणि त्याच्या पुढच्या विषम पोर्टवरून आरटीसीपीचे अहवाल जातात, साधारण दर ५ सेकंदांनी. फोन आपल्या पानावर फक्त आवाजाची पॅकेटं दाखवतो, माझा एसीएल मात्र त्या दोन फोनमधलं सगळं यूडीपी धरत होता. चाचणीच्या फोनवर आरटीपीचा पोर्ट ठरावीक करून एसीएलमध्ये तोच पोर्ट घातला. पुन्हा कॉल केला आणि चारही आकडे तंतोतंत जुळले. मोजणी खरी आहे हे आता ठामपणे म्हणता येत होतं. हे समाधान मोठं असतं, कारण यापुढे जो फरक दिसेल तो नेटवर्कचा असेल, मोजपट्टीचा नाही.

गर्दीच्या वेळी तोच कॉल, तेच दोन फोन. बोलणाऱ्या फोनने जितकी पाठवली तितकीच मधल्या स्विचमध्ये आत आली. बाहेर जाताना कमी होती. आणि बाहेर गेली तितकी सगळी ऐकणाऱ्याच्या फोनवर पोचली. म्हणजे दोन्ही मजल्यांवरचे स्विच, केबल, फोन सगळे सुटले. गळती मधल्या स्विचच्या पोटात, आत येण्याच्या आणि बाहेर पडण्याच्या मध्ये. उलट्या दिशेने मोजलं तर एकही पॅकेट कमी नाही. एकाच बाजूला आवाज का तुटतो, याचं उत्तर तिथेच मिळालं. फोनवाल्या सहकाऱ्यांना चार आकडे एका ओळीत दाखवले आणि कोण बरोबर, कोण चूक हा विषय तिथेच संपला. पुढचं काम आम्ही एकत्र केलं.

आमच्या मधल्या स्विचमध्ये आउटबाउंडची मोजणी पॅकेट क्यूमधून, म्हणजे पाठवण्याआधीच्या रांगेतून, बाहेर पडल्यावर होते. म्हणून संशय सरळ त्या पोर्टच्या क्यूंवर गेला. क्यूनिहाय आकडे उघडले: किती गेली, किती टाकली. सर्वसाधारण ट्रॅफिकच्या क्यूमध्ये टाकलेल्या पॅकेटांचा आकडा कॉलदरम्यान झटक्याझटक्याने वाढत होता. एसफ्लोने गर्दीचा मालकही दाखवला: मधल्या स्विचला १० गिगाबिटने जोडलेला फाइल सर्व्हर, जो त्या मजल्यावरच्या संगणकांना मोठमोठ्या फाइली देत होता. १० गिगाबिटने आत, १ गिगाबिटने बाहेर. क्यूला १ मेगाबाइट जागा आहे असं धरलं तर दर सेकंदाला ९ गिगाबिट साचत ती जागा ०.९ मिलिसेकंदात भरते. मिलिसेकंदाच्या या उसळीपुढे १० सेकंदांची सरासरीसुद्धा आंधळीच. ३०० सेकंदांची तर बातच सोडा. आलेख निवांत आणि डिस्कार्डचा आकडा मोठा, हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं, ते असं.

पण मला जास्त खटकलं ते दुसरंच. आवाजासाठी राखलेल्या क्यूसमोर गेलेली पॅकेटंही शून्य आणि टाकलेलीही शून्य. फोन आवाजाच्या पॅकेटवर ईएफची खूण करतात, डीएससीपी ४६. ती पॅकेटं प्राधान्याच्या क्यूतून जायला हवीत, मग फाइलींची गर्दी असो वा नसो. हे शून्य कोणत्या जातीचं, ते आधी तपासलं. मधल्या स्विचच्या एका पोर्टवर लॅपटॉप थेट जोडला आणि टीओएस (डीएससीपी ज्यात लिहिला जातो तो बाइट) १८४ ठेवून मजल्याकडे पिंग पाठवले. ४६ ला ४ ने गुणलं की १८४. राखीव क्यूचा आकडा लगेच वाढला. म्हणजे क्यू मोजते आहे. आवाजच तिथे येत नव्हता.

मग क्लासचे दोन भाग केले: त्याच दोन फोनमधली ईएफ खूण असलेली पॅकेटं एका क्लासमध्ये, बाकीची त्याखालच्या क्लासमध्ये. कॉल केला. सगळी पॅकेटं दुसऱ्या क्लासमध्ये पडली, पहिल्यात एकही नाही. खूण मधल्या स्विचवर पोचण्याआधीच पुसली जात होती. आता मजल्यावरच्या स्विचवरचा तो डीएससीपीचा तक्ता उघडला. फोनच्या पोर्टवर आत येणाऱ्या रकान्यात ४६ समोरचा आकडा सेकंदाला ५० ने वाढत होता. अपलिंकवर (मधल्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टवर) बाहेर जाणाऱ्या रकान्यात ४६ समोरचा आकडा जागचा हलत नव्हता, वाढत होता तो ० समोरचा. या जातीच्या स्विचवर क्यूओएस चालू केलं आणि पोर्टवर ट्रस्ट (आलेली खूण मान्य करायची सेटिंग) लावला नाही, तर आलेली खूण ० करूनच पॅकेट पुढे जातं. आवाजाची पॅकेटं बिनखुणेची होऊन फाइलींच्याच रांगेत उभी राहत होती आणि रांग ओसंडली की तीही पडत होती.

दुरुस्ती लहान होती. फोनच्या पोर्टवर डीएससीपीचा ट्रस्ट, आणि तोही स्विचने पलीकडे फोन आहे असं ओळखलं तरच. सरसकट ट्रस्ट देणं मला पटत नाही; फोन काढून त्याच्या जागी थेट जोडलेल्या संगणकावरचं कुठलंही सॉफ्टवेअर आपल्या पॅकेटवर ईएफ लिहून प्राधान्याच्या क्यूत घुसू शकतं. क्यूला मर्यादाही घातली. एका कॉलचं एका दिशेचं पॅकेट इथरनेटच्या हेडरसकट २१८ बाइट, सेकंदाला ५०, म्हणजे ८७.२ किलोबिट. १०० कॉल एकदम चालले तरी ९ मेगाबिटच्या आत, १ गिगाबिटच्या एक टक्काही नाही. एवढ्याला प्राधान्य दिल्याने फाइलींचं काही बिघडत नाही.

पुन्हा गर्दीच्या वेळी कॉल. ईएफच्या क्लासमध्ये सगळी पॅकेटं, बिनखुणेच्या क्लासमध्ये शून्य, आत आणि बाहेर सारखा आकडा. सर्वसाधारण क्यूमध्ये फाइलींची पॅकेटं अजूनही पडतात. टीसीपी ती पुन्हा पाठवतं, लोकांना फाइल थोडी उशिरा मिळते. त्यावर उपाय म्हणजे त्या मजल्याची लिंक वाढवणं. ती मागणी मी क्यूनिहाय आकडे जोडून वेगळी दिली आहे.

दोन फोनसाठीचे क्लास, एसीएल आणि ठरावीक केलेला पोर्ट काम झाल्यावर काढून टाकले. चालू ठेवलं ते असं: सरासरीचा कालावधी १० आणि ३० सेकंद, आलेखात बाइटच्या जोडीला क्यूनिहाय टाकलेल्या पॅकेटांची रेघ, अपलिंकवर ईएफची इनबाउंड मोजणी, कारण एखाद्या नव्या स्विचवर ट्रस्ट लावायचा राहिला तर तिथला आकडा आधी बोलेल, आणि आउटपुट डिस्कार्डवर आरमॉनचा (स्विचमधल्याच देखरेखीच्या सोयीचा) अलार्म. तो डेल्टावर, म्हणजे दोन वाचनांमधल्या वाढीवर, लावला आहे, एकूण आकड्यावर नाही. एकूण आकड्यावर लावला तर मर्यादा ओलांडल्यावर अलार्म एकदा वाजतो आणि मग कायमचा गप्प बसतो, कारण काउंटर मागे येत नाही. डेल्टामध्ये वरची आणि खालची अशा दोन मर्यादा देता येतात. आकडा खालच्या मर्यादेखाली उतरून पुन्हा वर गेला की अलार्म परत येतो. खालची मर्यादा मी शून्याच्या जवळ ठेवली आहे.